सासूबाईंचं खरं वय

आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात मी काढलेला एक तरी फोटो आहे, आणि तो आयुष्मान कार्डावरचा आहे. मी गावची आशा. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीपासून एसटीनं वीसेक मिनिटांवर आमचं गाव. गरोदर बायांच्या तपासण्या, लेकरांचे डोस, तापाच्या गोळ्या, ही माझी चौदा वर्षांची कामं. त्यात एक दिवस कार्ड काढायचं काम आलं.

आधी ठराविक यादीतल्या आणि ठराविक रंगाच्या रेशनकार्डवाल्यांनाच मोठ्या दवाखान्यात मोफत ऑपरेशन व्हायचं. मग सरकारनं नियम बदलला आणि कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड असलेल्याला विमा मिळायला लागला. आम्ही आशांनी मोबाईलवर नंबर टाकायचा, आधार जुळवायचं, चेहऱ्याचा फोटो घ्यायचा की कार्ड तयार. ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात मी खुर्ची मांडून बसले. पहिल्या दिवशी चार माणसं आली. दुसऱ्या दिवशी फोटो निघतो हे कळलं, तशी बायांची रांग लागली. कुणी डोक्याला तेल लावून आली, कुणी लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून आली. एक आजी फोटो काढून घरी गेल्या आणि अर्ध्या तासानं परत आल्या. चष्मा राहिला होता.

"अवो, चष्म्याबिगर डॉक्टर मले कसा वळखन?" त्या म्हणाल्या. मी पुन्हा फोटो काढला.

महिनाभरात गाव उरकलं. माझं झालं, नवऱ्याचं झालं, दोन्ही लेकींचं झालं. राहिल्या फक्त माझ्या सासूबाई. सगळ्या गावाची कार्डं काढणारीच्या घरात, ज्या माणसाला कार्डाची सगळ्यांत जास्त गरज, त्याचंच कार्ड नाही!

झालं असं होतं की सासूबाईंचं नाव माझ्या मोठ्या दिरांच्या रेशनकार्डात होतं. दीर नोकरीसाठी पुण्याला गेले, तेव्हा त्यांनी कार्ड तिकडे नेलं. त्या भानगडीत सासूबाईंचं नाव तिथून कमी झालं आणि आमच्या कार्डात चढलंच नाही. मी तहसीलीत अर्ज दिला होता. प्रत्येक फेरीला उत्तर मिळायचं, "प्रक्रियेत आहे."

इकडे सासूबाईंचा डावा खुबा दिवसेंदिवस वाईट होत चालला होता. ही बाई एके काळी कापूस वेचायला गेली की शेजारच्या ओळीतल्या बाया मागं पडायच्या, असं अजून लोक सांगतात. आता त्या भिंत धरून चालायच्या. पौर्णिमेला विहारात जाणं त्यांनी बंद केलं होतं, कारण खाली बसलं की उठता यायचं नाही आणि खुर्चीवर बसायची लाज वाटायची. वर्षभरापूर्वी मी त्यांना वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक्स-रे पाहून सांगितलं, सांधा पार झिजला आहे, बदलावा लागेल. खर्च विचारला, डॉक्टरांनी सांगितला, आणि माझ्या आधी सासूबाईच उठल्या.

"चाल वो, बस निघून जाईन," त्या म्हणाल्या. बसला अजून दीड तास होता.

त्यानंतर घरात हा विषय काढला की त्या म्हणायच्या, "मले कुठी पळाले जायचं हाय?" आणि ओट्यावर बसून गहू निवडायच्या. पण मी पाहायची ना. न्हाणीपर्यंत जाताना त्या दोनदा थांबायच्या.

मग एकदा महिन्याच्या मीटिंगमध्ये आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं नवीन सूचना वाचून दाखवली. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला आता आयुष्मान कार्ड मिळणार. उत्पन्नाची अट नाही, यादीची अट नाही, रेशनकार्डही नको. फक्त आधार. मी तिथल्या तिथे उभी राहिले. सिस्टर म्हणाली, "काय झालं ताई?" मी म्हणाले, "काही नाही, तुम्ही वाचा." पण मला बसवेना.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावरच होत्या. मी चपलाही काढल्या नाहीत. "आई, तुमचं आधार कार्ड द्या! तुमचं ऑपरेशन होते!"

त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार काढायला लावलं. मी जन्मतारीख पाहिली, बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली. बासष्ट.

"आई, हे काय? तुम्ही बासष्ट वर्षांच्या?"

"हो का?" त्या म्हणाल्या. "बरंच हाय की."

संध्याकाळी नवरा देवळीच्या कापसाच्या जिनिंगमधलं काम उरकून आला. त्यानं कार्ड हातात घेतलं आणि हसायलाच लागला. माझे मोठे दीर त्रेपन्न वर्षांचे आहेत. "म्हणजे दादा झाला तेव्हा तू नऊ वर्षांची होती काय वो माय?"

सासूबाई गव्हाच्या सुपात पाहत म्हणाल्या, "मीच सांगतलं होतं."

आधारचं मशीन गावात पहिल्यांदा आलं तेव्हा गावात रोजगार हमीचं काम चालू होतं. कुणीतरी अफवा उठवली होती की साठीच्या बायांना कामावर घेणार नाहीत. सासूबाई तेव्हा तब्येतीनं खणखणीत. मशीनवाल्यानं वय विचारलं, त्यांनी बिनधास्त पन्नाशीच्या आतलं सांगितलं. त्यानं लिहिलं. "काम भेटलं ना मंग दोन वर्सं," त्या म्हणाल्या. "आता मले काय माहीत, म्हातारं असाचा बी फायदा राह्यते!"

आम्ही तिघंही हसलो. पण हसून झाल्यावर प्रश्न तसाच उभा राहिला. त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत हे गावात कुणालाही विचारा, सांगेल. कागद कुठून आणायचा? जन्माची नोंद त्या काळी कुणी केली असेल? देवळीच्या आधार केंद्रावर मी विचारलं. तिथल्या माणसानं सांगितलं, शाळेचा दाखला असेल तर चालेल. मी घरी येऊन निराश होऊन सांगितलं, "शाळेचा दाखला पाह्यजे म्हणते."

सासूबाई म्हणाल्या, "मंग आणू ना. मी शाळेत गेलती."

नवऱ्याचा विश्वास बसेना. आईला सही करता येते हे त्याला माहीत होतं, पण ती साक्षरता वर्गात शिकली असं तो समजत होता. त्यानं पुण्याला फोन लावला. दीर तिकडून म्हणाले, "आई, तू आणि शाळा?"

"मंग काय तर!" सासूबाई मोबाईल तोंडासमोर आडवा धरून ओरडल्या. "माह्या बापानं घातलं होतं. सहा-सात वर्सांची होती मी. पाटी होती माह्यी!"

कुणाला खरं वाटो न वाटो, मी ठरवलं की जायचं. त्यांचं माहेर पुलगावच्या पलीकडे. बुधवारी सकाळच्या बसनं देवळी, तिथून पुलगाव, तिथून ऑटो. प्रत्येक चढउताराला त्यांना किती दुखत असेल हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी त्यांनी एकदाही "आई गं" म्हटलं नाही. केसांना तेल लावलं होतं, पांढरं इस्तरीचं लुगडं नेसल्या होत्या. मी विचारलं, "आई, एवढी तयारी?" तर म्हणाल्या, "शाळेत चाललो ना."

त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामाजी, फाट्यावर आम्हाला घ्यायला उभे होते. तेही आता पासष्टीचे. त्यांच्यासोबत आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका वयानं माझ्याहून लहान. मला वाटलं होतं, अर्ज द्या, आठ दिवसांनी या म्हणतील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सासूबाईंना स्वतःची खुर्ची दिली.

"बसा आजी. माझ्या शाळेची एवढी जुनी विद्यार्थिनी मी पहिल्यांदाच पाहते आहे."

लोखंडी कपाटाच्या तळाशी जुनी दाखल-खारीज रजिस्टरं लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. पानं चहाच्या रंगाची झाली होती आणि कडा कुरतडलेल्या. नेमकं वर्ष सासूबाईंना सांगता येईना. बाईंनी अंदाजानं तीन रजिस्टरं काढली. शोधायला वेळ लागला नाही, कारण त्या काळी एका पानावर मुलींची नावं दोन-तीनच असायची. पहिल्या रजिस्टरात नाही. दुसऱ्यात एक पान फाटलेलं होतं. बाहेर पोरं पाढे म्हणत होती. बाई तिसऱ्या रजिस्टरात बोटानं एकेक ओळ पाहत गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी सासूबाईंचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं नाव मोठ्यानं वाचलं.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि ते नाव बोटानं चाचपलं, जणू शाई अजून ओली आहे की काय ते पाहत होत्या.

जन्मतारीख स्पष्ट लिहिली होती. हिशोब केला तर त्र्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मी टेबलावर थाप मारली आणि मग बाईंची माफी मागितली.

त्या ओळीत अजून एक गोष्ट होती. धर्माच्या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं आणि शेजारी, वेगळ्या शाईत, नीट अक्षरात लिहिलं होतं, 'बौद्ध'. मामाजींनी चष्मा लावून ते वाचलं आणि बराच वेळ वाचतच राहिले.

"बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलता," सासूबाई म्हणाल्या. "मी लहान होती. शाळेत नाव टाकलं तवा गुरुजीनं जुनंच लिहिलं असन. बापानं मागं लागून बदलवलं असन. तसाच होता तो. हट्टी."

"गुरुजीनं ऐकलं पण," मामाजी म्हणाले.

"हो ना. गुरुजी चांगला होता."

शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण होतं. बाईंनी ते जरा हळू आवाजात वाचलं. "घरी लहान भावास सांभाळण्याकरिता."

मामाजींचा चेहरा पडला. तो लहान भाऊ म्हणजे तेच. "म्हणजे माह्यामुळं सुटली तुह्यी शाळा, बाई?"

"तुह्यामुळं काऊन? तू का मले सांगाले आलता?" सासूबाई म्हणाल्या. "रडे लय तू. पण गोरागोमटा होता. मले बी खेळाले भेटे." आणि त्यांनी मामाजींच्या पाठीवर एक चापट मारली, पासष्टीच्या माणसाला मारावी तशी नाही, खरोखरच लहान भावाला मारतात तशी.

बाईंनी दाखला लिहायला घेतला. त्यात दोन रकाने असतात, प्रगती आणि वर्तणूक. रजिस्टरात जे होतं तेच त्यांनी उतरवलं आणि वाचून दाखवलं. "प्रगती, बरी. वर्तणूक, चांगली."

"बरी काऊन?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "चांगली काऊन नाई? मले पन्नासवरी उजळणी येत होती!"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "आजी, गुरुजींनी लिहिलंय. मला बदलता येत नाही."

"नाई, तुमचं काई नाई त्यात. पण हे बरोबर नाई लिहिलं." परतीच्या ऑटोत, पुलगावच्या स्टँडवर, देवळीच्या बसमध्ये, जो भेटेल त्याला त्या हे सांगत होत्या. कंडक्टरलासुद्धा.

दाखला मिळाला म्हणून लगेच सगळं झालं असं नाही. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. वयात फरक मोठा म्हणून आधारचा अर्ज एकदा परत आला. मी आणखी कागद जोडून पुन्हा भरला आणि रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईलवर पाहायचा नियम केला. एकविसाव्या दिवशी नवीन तारीख दिसली. सासूबाई एका रात्रीत अकरा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या, आणि घरात असा आनंद की नवऱ्यानं देवळीहून जिलेबी आणली.

त्याच दिवशी ओट्यावर बसवून मी त्यांचं कार्ड काढलं. बोटांचे ठसे कापसानं आणि भांड्यांनी केव्हाच गेलेले, म्हणून चेहऱ्यावरून ओळख पटवायची होती. मोबाईल म्हणतो, डोळे मिचकवा. मी म्हटलं, "आई, डोळे मिचकवा." त्या लाजल्या. "ह्या वयात? गल्लीतले लोक पाहून राह्यले ना!" चौथ्या वेळी जमलं. गावातलं ते माझं सगळ्यांत जास्त वेळ घेतलेलं कार्ड.

वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना भरती केलं. तिथे योजनेचं काम पाहायला आरोग्यमित्र म्हणून एक माणूस खिडकीवर बसतो. त्यानं कार्ड पाहिलं, फोटो घेतला, कागद वर पाठवले. दोन दिवसांनी मंजुरी आली. तोपर्यंत माझा जीव टांगणीला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"मले काई झालं तर घाबरजो नको."

"काही होत नाही आई."

"नाई, सांगून ठेवतो. आणि काई नाई झालं तर मले कुठी कुठी जायचं हाय तेबी सांगून ठेवतो." मग त्यांनी ठिकाणं मोजायला सुरुवात केली. विहार. नालवाडीची लेक, जिच्या घराचा जिना त्या तीन वर्षांत चढल्या नव्हत्या. पुण्याचा लेक. माहेर. मामाजींच्या शेतातली विहीर. मी ऐकत राहिले. एवढं सगळं त्यांच्या मनात होतं आणि त्या वर्षभर म्हणत होत्या, मले कुठी पळाले जायचं हाय?

सकाळी नेलं, दुपारी आणलं. सगळं नीट झालं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी नर्सला विचारला, "चाय भेटन का?"

शेजारच्या खाटेवर कारंज्याकडच्या जंगलपट्ट्यातली एक आजी होती. गोंड घरातली. पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तिचंही ऑपरेशन कार्डावरच झालं होतं. ती तिच्या लेकीशी त्यांच्या भाषेत बोलायची आणि सासूबाईंशी मराठीत. दुसऱ्या दिवशीच दोघींचं जुळलं. तिनं सासूबाईंना मोहफुलं कशी वेचतात ते सांगितलं, सासूबाईंनी तिला कापूस कसा वेचतात ते सांगितलं, आणि कंबर कशात जास्त दुखते यावर दोघींचा दोन दिवस वाद चालला. मधल्या काळात सासूबाई तिच्या भाषेत 'पाणी' म्हणायला शिकल्या आणि नर्सकडे त्याच शब्दानं पाणी मागायला लागल्या. नर्सची मात्र पंचाईत.

तिसऱ्या दिवशी दोघींना वॉकर दिला. फिजिओवाली मॅडम म्हणाली, "हळूहळू, दारापर्यंत." दोघी निघाल्या. मी आणि त्या आजीची लेक मागं. अर्ध्या वाटेवर मी पाहिलं, सासूबाईंनी तिरक्या नजरेनं शेजारी पाहिलं आणि वॉकर जरा जोरात पुढे टाकला. त्या आजीनंही टाकला. सासूबाईंनी पुन्हा. मॅडम ओरडली, "अहो आजी, शर्यत नाहीये!" पण वॉर्डातल्या बाकीच्या बाया उठून बसल्या होत्या. "चाल वो!" "मारा वो कारंजेवाल्या!" दाराशी कोण आधी पोहोचलं यावर एकमत झालं नाही. दोघी दाराला धरून उभ्या राहिल्या आणि धापा टाकत इतक्या हसल्या की मॅडमलाही रागावता येईना. मी तिथे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

सुट्टी झाली तेव्हा आरोग्यमित्रानं कागद आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली आणि विचारलं, "आजी, समाधानी आहात ना?" सासूबाई म्हणाल्या, "मले सही येते हो. आंगठा नोको घेऊ." आणि त्यांनी ठळक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

याला आता सहा महिने झाले. गेल्या शुक्रवारी, देवळीच्या बाजाराच्या दिवशी, मी गावात लसीकरण उरकून दुपारी घरी आले तर सासूबाई घरात नाहीत. विहारात नाहीत, शेजारी नाहीत. वॉकर केव्हाच सुटला होता, काठी कोपऱ्यात तशीच. मी नवऱ्याला फोन केला, नालवाडीच्या नणंदेला केला, आणि शेवटी फाट्यावर जाऊन उभी राहिले. बस आली. गच्च भरलेली. दार उघडलं आणि गर्दीतून सासूबाई उतरल्या, हातात मेथी आणि वांग्यांची पिशवी.

"आई! सांगून जायचं ना! आणि एवढ्या गर्दीत उभ्या राहून आल्या? कुणी जागा नाही दिली?"

"भेटली होती ना जागा," त्या म्हणाल्या. "मंग एक म्हातारी चढली. तिले देली."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. वांगी ताजी आहेत, संध्याकाळी भरून करू, असं सांगत त्या पुढे चालायला लागल्या, आणि मी त्यांच्या मागं.